बटाटा, नीरा आणि डॉ. कमला सोहोनी

आपल्या मेसच्या ताटाकडे कधी केमिस्ट्रीच्या नजरेने बघितलं आहे का? चपाती, भात, बटाट्याची भाजी, वरण आणि रविवार असेल तर एखादा गुलाबजाम. नावं पाच, पण यातला मोठा भाग एकाच घराण्यातला आहे. ते घराणं म्हणजे कार्बोहायड्रेट्स. मराठीत त्यांना कर्बोदके म्हणतात. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटमधून आलेल्यांची हा शब्द उच्चारताना जरा तारांबळ उडते, पण अर्थ एकदम सोपा आहे. कर्ब म्हणजे कार्बन आणि उदक म्हणजे पाणी. ग्लुकोजचं सूत्र आठवा. कार्बनचे ६ अणू, हायड्रोजनचे १२ आणि ऑक्सिजनचे ६, म्हणजे जणू ६ कार्बनना पाण्याचे ६ रेणू चिकटवलेत. झाडं हे काम उन्हाच्या जोरावर करतात आणि आपण ते पुन्हा सुटं करून त्यातली ऊर्जा वापरतो. एका ग्रॅममागे साधारण ४ किलोकॅलरी. संध्याकाळच्या वडापावचं तर विचारूच नका, पावात स्टार्च आणि वड्यातही स्टार्च! त्यातल्या त्यात वरच्या बेसनाचा काय तो आधार.

हे सगळं पुस्तकात असतंच. पण आपल्याच ताटातल्या बटाटा, डाळ, तांदूळ, नीरा या साध्या गोष्टींवर एका मराठी बाईंनी आयुष्यभर संशोधन केलं आणि ते करायला मिळावं म्हणून त्यांना आधी दारात बसावं लागलं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी. २०२३ मध्ये १८ जूनला त्यांच्या ११२ व्या जन्मदिनी गूगलने त्यांचं डूडल केलं होतं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. म्हणून या अंकासाठी त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. माहेरचं आडनाव भागवत. मराठी साहित्य वाचणाऱ्यांना लगेच लक्षात येईल, की लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या मोठ्या बहीण. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात ठामपणे बोलणाऱ्या त्याच दुर्गाबाई. ताठ कणा या घरात वारशानेच येत असावा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही केमिस्ट आणि दोघंही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे विद्यार्थी. त्यामुळे घरात रसायनशास्त्र काही परकं नव्हतं. आपणही वडील आणि काकांच्याच संस्थेत जाऊन संशोधन करायचं, हे कमलाबाईंच्या मनात पक्कं बसलं होतं.

१९३३ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पूर्ण केली. मुख्य विषय केमिस्ट्री आणि जोडीला फिजिक्स. मार्क उत्तम होते. मग बंगलोरला अर्ज केला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर सी. व्ही. रामन. ते मोठे शास्त्रज्ञ होते यात शंकाच नाही. पण अर्ज नाकारला गेला. कारण मार्क कमी होते असं नाही, जागा नव्हती असंही नाही. अर्ज करणारी मुलगी होती, एवढंच कारण!

आता विचार करा. १९३३ साल, बावीस वर्षांची मुलगी आणि समोर नोबेल विजेता. बहुतेक जण गप्प घरी परतले असते. कमलाबाई परतल्या नाहीत. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा. त्यांनी तोच मार्ग धरला आणि रामन यांच्या ऑफिसबाहेर ठिय्या दिला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष प्रोबेशनचं, म्हणजे कामाने संचालकांचं समाधान झालं तरच ते काम मान्य होणार. शिवाय त्यांच्या असण्यामुळे इतर संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये, ही आणखी एक अट. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, पण त्या अपमानास्पद होत्या हे त्या विसरल्या नाहीत. पुढे मोठ्या झाल्यावरही त्यांनी हे उघडपणे सांगितलं. आपल्या मेकॅनिकलच्या वर्गात आजही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. पण निदान त्यांना कुणी वर्षभर प्रोबेशनवर ठेवत नाही. हा फरक आपोआप पडलेला नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

बंगलोरला त्यांना श्रीनिवासय्या हे गुरू लाभले. शिस्तीला कडक, पण मनापासून शिकवणारे. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांमधल्या प्रथिनांवर, म्हणजे प्रोटीन्सवर काम केलं. विषय निवडतानाच त्यांची दिशा दिसते. भारतातल्या गरिबाला मांस-अंडी परवडत नाहीत, त्याचं प्रोटीन येतं ते डाळीतून. मग त्या डाळीत नेमकं काय आहे हे आधी कळायला नको का? वर्षभरात रामन यांचं समाधान झालं आणि त्यानंतर संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाबाई एम. एस्सी. झाल्या.

इथे थोडं थांबून डाळ आणि कर्बोदकांचं नातं बघू. डाळ म्हटलं की आपल्याला फक्त प्रोटीन आठवतं. प्रत्यक्षात १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत प्रोटीन असतं साधारण २२ ग्रॅम, आणि कर्बोदके त्याच्या दुपटीहूनही जास्त! कच्च्या तांदळात तर कर्बोदके ७५ टक्क्यांच्या वर आणि प्रोटीन जेमतेम ७ टक्के. म्हणून नुसता भात खाऊन पोट भरतं, पण शरीराची बांधणी होत नाही. डाळीची गंमत आणखी पुढे आहे. भाताच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते भातात बऱ्यापैकी. म्हणजे वरण-भात हे एकमेकांची बाकी चुकती करणारे पार्टनर आहेत. आपल्या आज्या-पणज्यांना लायसिन माहीत नव्हतं, पण जोडी मात्र बरोबर जमवली होती.

यानंतर कमलाबाई शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तिथे न्यूनहॅम कॉलेजात प्रवेश आणि सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत काम. हॉपकिन्स म्हणजे व्हिटॅमिन्सवरच्या संशोधनासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. आधी त्यांनी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम केलं. पुढे रिश्टर दुसरीकडे गेले, तेव्हा त्या वनस्पतींवर काम करणाऱ्या रॉबिन हिल यांच्याकडे गेल्या. आणि प्रयोगासाठी समोर आला चक्क बटाटा!

आपण पिंपरी-चिंचवडकर बटाट्याला कमी लेखू शकत नाही. चाकण आज गाड्यांच्या कारखान्यांमुळे ओळखलं जातं, पण कांदा-बटाट्याचा बाजार ही चाकणची त्याहून जुनी ओळख. त्या बाजारात पोत्यात भरलेला बटाटा दिसायला निर्जीव वाटतो, पण तो जिवंत असतो. तो श्वास घेत असतो, म्हणजे आतल्या स्टार्चची साखर करून ती हळूहळू जाळत असतो आणि त्यातून उष्णता बाहेर पडते. म्हणूनच बटाट्याचे ढीग हवेशीर ठेवावे लागतात, नाहीतर कोल्ड स्टोरेज लागतं. तिथेही एक मेख आहे. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होऊन साठत जाते आणि मग त्याचे वेफर्स तळताना काळपट होतात.

आता प्रश्न असा, की साखर जळते म्हणजे नेमकं काय होतं? इंजिनात पेट्रोल पेटतं तशी पेशीत आग लागत नाही. आपलं शरीर तर ३७ अंश सेल्सिअसलाच चालतं. पेशी साखरेतले इलेक्ट्रॉन एकदम ऑक्सिजनला देत नाही, तर हातोहात पायरीपायरीने खाली उतरवते आणि प्रत्येक पायरीवर थोडी थोडी ऊर्जा काढून घेते. गिअरबॉक्स ठाऊक असलेल्यांना ही कल्पना लगेच पटेल. या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम सी. हे लोह असलेलं एक छोटं प्रोटीन आहे. प्राण्यांच्या पेशींत ते असतं हे तेव्हा माहीत झालं होतं. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं, की वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम सी असतं आणि श्वसनात तेच काम करतं. म्हणजे बटाटा आणि तो खाणारा माणूस, दोघंही साखर जाळतात ती एकाच पद्धतीने! एका साध्या कंदातून निघालेली ही किती मोठी गोष्ट आहे.

हे सगळं काम त्यांनी अवघ्या १४ महिन्यांत केलं. प्रबंध होता फक्त ४० टाइप केलेल्या पानांचा. आपल्याकडे सेमिनार रिपोर्टसुद्धा जाडजूड दिसावा म्हणून फॉन्ट मोठा करतात, त्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. १९३९ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. केंब्रिजहून विज्ञानातली पीएच. डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

त्यांना परदेशात राहता आलं असतं. पण त्याच वर्षी त्या भारतात परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या. मग कुन्नूरच्या न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीत असिस्टंट डायरेक्टर म्हणून व्हिटॅमिन्सवर काम केलं. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्रीचा विभाग नव्याने आकाराला येत होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा कालखंड सुरू झाला.

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून आपल्याच बाजारातल्या वस्तू तपासायला घेतल्या. वाल, डबल बी अशी कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा. कच्च्या कडधान्यांमध्ये काही द्रव्यं अशी असतात, की ती आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमलाच अडवून धरतात. त्यांवर कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकापासून बरंच काम केलं. नीट शिजवलं की ही द्रव्यं बहुतांशी निकामी होतात. म्हणजे कुकरच्या शिट्ट्यांमागेही बायोकेमिस्ट्री आहे.

हॉस्टेलवर उसळीच्या दिवशी जे विनोद होतात, त्यांचा संबंध मात्र प्रोटीनशी नसून पुन्हा कर्बोदकांशी आहे! कडधान्यांमध्ये रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले बॅक्टेरिया त्यांच्यावर ताव मारून गॅस तयार करतात. कडधान्य भिजवून, पाणी टाकून, मोड आणले की या साखरा कमी होतात. मटकीला मोड आणणं हा नुसता चवीचा भाग नाही. सेल्युलोजचंही तसंच. तेसुद्धा ग्लुकोजचंच बनलेलं, फक्त कड्या जोडण्याची पद्धत वेगळी. तेवढ्या फरकामुळे ते आपल्याला पचत नाही, पण चोथा म्हणून पोट साफ ठेवतं. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि मैद्याचा पाव यांत स्टार्च दोन्हीकडे असला तरी भाकरीत हा चोथा बराच जास्त. मैद्याच्या स्टार्चची साखर रक्तात चटकन चढते, भाकरीची तुलनेने सावकाश.

आता नीरेकडे वळू. शिंदी किंवा ताडाच्या झाडाचा पहाटे काढलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. पुण्यात सकाळी नीरा केंद्रावर ग्लास घेऊन उभे असलेले लोक बघितले असतीलच. यात पाण्याखालोखाल असते ती सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, साधारण दहा-बारा टक्के. ऊन चढलं की यीस्ट त्या साखरेवर तुटून पडतं आणि तिचं अल्कोहोल करतं. नीरेची ताडी होते ती अशी. सूक्ष्मजीवांना साखर खाऊ घालायची आणि आपल्याला हवं ते करून घ्यायचं, याच तत्त्वावर १९५० च्या दशकात आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या टाक्यांमध्ये बुरशीकडून पेनिसिलिन तयार करून घेतलं जाऊ लागलं.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचवल्यावरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. त्यांना असं आढळलं, की नीरेत साखरेबरोबर व्हिटॅमिन सी, लोह वगैरे घटकही आहेत. आदिवासी भागातली कुपोषित मुलं आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर तब्येतीत चांगला फरक दिसला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्या झाडाकडे लोक फक्त ताडीचं झाड म्हणून बघत होते, त्यात त्यांनी गरिबाला परवडणारं पोषण शोधलं. अर्थात साखर ती साखरच. ज्यांना डायबिटीस आहे त्यांनी नीरेलाही गोड पदार्थच समजावं.

मुंबईच्या आरे दूध योजनेलाही दुधाची गुणवत्ता सुधारण्यासाठी त्यांनी सल्ला दिला. दुधातसुद्धा लॅक्टोज ही साखर असते. तिचं लॅक्टिक आम्ल झालं की दूध नासतं. हवं तेव्हा तेच झालं तर त्याला आपण दही म्हणतो. घरात जे कौतुकाचं, तेच रोज हजारो घरांना दूध पुरवणाऱ्या डेअरीत मोठं नुकसान.

एवढं सगळं करूनही इन्स्टिट्यूटचं संचालकपद मात्र त्यांना लगेच मिळालं नाही. त्यांचा हक्क असूनही चार वर्षं ते लांबवलं गेलं. १९३३ मध्ये बंगलोरच्या दारात जे घडलं, त्याचीच ही दुसरी आवृत्ती. अखेर त्या संचालक झाल्या आणि १९६९ मध्ये निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर स्वस्थ बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांसाठी काम करणारी संस्था १९६६ मध्ये मुंबईत सुरू झाली होती. कमलाबाई तिच्या कामात उतरल्या आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्यांनी अन्नातली भेसळ आणि ग्राहकांची सुरक्षितता यांवर लेख लिहिले. ज्ञान फक्त जर्नलमध्ये न ठेवता ते भाजी आणायला निघालेल्या बाईपर्यंत पोचलं पाहिजे, असं त्यांच्या कामाकडे बघून वाटतं. भेसळ ओळखण्याची एक चाचणी तर बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण सगळ्यांनीच केली आहे. थोडा खवा किंवा पनीर पाण्यात उकळून गार करा आणि आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात स्टार्च मिसळलेला आहे. दहा मार्कांसाठी केलेला प्रयोग घरच्या स्वयंपाकघरातही उपयोगी पडतो तो असा.

दोन्ही बहिणींची गंमत बघा. दुर्गाबाईंनी लोकसंस्कृतीचा अभ्यास करता करता खमंग नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिलं, आणि कमलाबाईंनी त्याच पदार्थांच्या आत शिरून त्यांचं रसायन शोधलं. एकीने चव लिहिली, दुसरीने पोषण मोजलं.

१९९८ मध्ये दिल्लीला इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं. ज्या देशात प्रयोगशाळेच्या दाराबाहेर बसावं लागलं, त्याच देशाने सत्कारासाठी बोलावलं, पण तोवर जवळजवळ सगळं आयुष्य निघून गेलं होतं.

आपण हॉस्टेलवाले चार वर्षं घराबाहेर राहतो. पुढे कुणी चाकणच्या कारखान्यात शिफ्ट करील, कुणी हिंजवडीत रात्री जागवील, आणि मिळेल ते खाऊन पोट भरण्याची सवय लागेल. भारतीय जेवणात निम्म्याहून जास्त कॅलरी कर्बोदकांतूनच येतात. ती वाईट नाहीत, तेच आपलं इंधन आहे. पण नुसत्या इंधनावर गाडी बांधता येत नाही. म्हणून वडापाव खा, पण दिवसात कुठेतरी डाळ, उसळ, भाकरी, भाजी आणि फळ येऊ द्या. यासाठी महागडी प्रोटीन पावडर लागत नाही, मेसमधली नावडती उसळसुद्धा पुष्कळ काम करते.

आणि ज्या मुलींना आजही घरी किंवा बाहेर हे तुझं क्षेत्र नाही असं ऐकावं लागतं, त्यांनी कमलाबाईंची आठवण ठेवावी. त्यांनी वाद घालण्यात आयुष्य घालवलं नाही. त्या दारात बसल्या, आत गेल्या, काम केलं आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी दार उघडं ठेवलं.